जहाजाला पैसा मिळतो, टेबलाला मिळत नाही

नंदगडच्या एका मुलाने विचारलंय. सिव्हिल इंजिनिअरिंग बेळगावात झालं, वर जीआयएसचा, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे करायचा, कोर्स केला, आता समुद्राचे चार्ट, म्हणजे नकाशे, करणाऱ्या एका सरकारी ऑफिसात अकरा महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टवर जागा मिळालीय. मामा म्हणतो जीपीएस आणि गुगल आल्यावर या खात्याला विचारतंय कोण, तिथं फंड नाही, माणसं नाहीत. मित्र म्हणतो सरकारने हे काम प्रायव्हेटला देऊन मोकळं व्हावं. तर काका, यात पैसा का नसतो, माणसं का टिकत नाहीत, मॉडर्न करतोय म्हणतात म्हणजे नक्की काय करतात, आणि मी जाऊ का नको?

मी नेव्हीच्या सर्व्हे ब्रँचमध्ये १७ वर्षं काढली, नंतर एका बंदरात हायड्रोग्राफिक सर्व्हेअर, म्हणजे पाण्याची खोली मोजणारा, म्हणून १४ वर्षं, आता खानापूरला घरी असतो. दोन ओळींत उत्तर देऊन जमणार नाही, सवडीने वाच.

आधी मामाचं घेऊया. जीपीएस तू कुठं आहेस एवढंच सांगतं, बुडाखाली पाणी किती ते त्याला कळत नाही. उपग्रहाच्या फोटोवरून उथळ पाण्याची खोली काढायची पद्धत आहे आणि ती चांगली आहे, खरं ती लक्षद्वीपसारख्या नितळ पाण्यात. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर नदीच्या तोंडाशी पावसाळ्यानंतर पाणी चहासारखं असतं, उजेड दोन हातसुद्धा खाली जात नाही. तिथं बोट घेऊन जावंच लागतं, आवाज खाली सोडायचा, तो बुडाला आपटून परत यायला किती वेळ लागला ते मोजायचं. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १,५०० मीटर जातो, त्या हिशोबावर सगळं उभं आहे. आणि हे एकदा करून भागत नाही. आपल्याकडे जमिनीची मोजणी झाली, दगड पुरला, उताऱ्यावर चढलं की आज्ज्यापासून नातवापर्यंत तेच चालतं. समुद्रातला वाळूचा बांध दर पावसाळ्यात जागा बदलतो आणि कुणाला सांगून बदलत नाही.

एक प्रसंग सांगतो. ऑक्टोबर महिना, पाऊस नुकताच उघडलेला, कोकणातली एक खाडी. छोटी सर्व्हे बोट, मी, एक ज्युनियर, आणि वाट दाखवायला गावातला एक तांडेल, साठीच्या पुढचा माणूस. चार्टवर तोंडाशी पाच मीटर पाणी होतं. तांडेल म्हणाला, "सायबानू, हयसून नको, औंदा दांडो वर सरकलो हा, लाट बघा खंय फुटता ती." आम्ही हळूहळू पुढं गेलो, इको साउंडरच्या, म्हणजे आवाजाने खोली मोजायच्या यंत्राच्या, कागदावरची रेघ वर वर यायला लागली, पाच, चार, साडेतीन, आणि दोन मीटर ऐंशीला इंजिन न्यूट्रल केलं. खात्रीसाठी ज्युनियरने शिशाचं वजन बांधलेला दोर सोडला. त्या वजनाच्या बुडाला खळगा असतो, त्यात चरबी भरतात म्हणजे तळाचा नमुना चिकटून येतो. वर आलं तेव्हा चरबीला बारीक पिवळी वाळू होती, चिखलाचा मागमूस नाही, म्हणजे दांडा, तो वाळूचा बांध, ताजा. तांडेलाने ती वाळू बोटाने चोळून बघितली आणि नुसती मान हलवली. त्याचे आजे-पणजे हेच करत आले असणार, फक्त पाणी वावेत मोजायचे, दोन्ही हात पसरले की एक वाव. इंग्रजांच्या चार्टवर फॅदम असायचे ते म्हणजे ही वावच.

तर तो दोन मीटर ऐंशीचा आकडा आम्हाला त्या सकाळी मिळाला. पूर्ण सर्व्हे दहा दिवसांत झाला. चार्टवर तो आकडा यायला चौदा महिने लागले. समुद्रावर कुणी कसूर केली नव्हती. पुढं ऑफिसात सर्व्हे तपासून चार्टवर उतरवणारा अनुभवी माणूस एकच होता, त्याच्या टेबलावर आमच्या आधीच्या सात सर्व्हेंची बंडलं, आणि त्याच्या हाताखालच्या दोन खुर्च्या दीड वर्ष रिकाम्या. त्या चौदा महिन्यांत अख्खा एक पावसाळा जाऊन आणखी एक सीझन लागला, म्हणजे चार्ट छापून आला तोवर दांडा परत हलला असणार. मला हे आजही खुपतं.

माझं सगळं म्हणणं त्या चौदा महिन्यांत आहे बघ. या क्षेत्रात पैसा येतच नाही असं नाही. येतो, खरं तो जहाजाला येतो, यंत्राला येतो, कारण जहाजाचं जलावतरण होतं, फोटो येतो, आकडा सांगता येतो. सर्व्हे ते चार्ट या मधल्या टेबलाला पैसा मिळत नाही, आणि सगळं तिथंच तुंबतं.

आपल्या देशाचं बघ. हे खातं १८७४ साली कलकत्त्यात मरीन सर्व्हे ऑफ इंडिया नावाने सुरू झालं, १९५४ मध्ये डेहराडूनला गेलं आणि १९९७ पासून नाव नॅशनल हायड्रोग्राफिक ऑफिस. ते नेव्हीच्या ताब्यात, म्हणजे पैसा संरक्षण खात्याच्या बजेटमधनं. याचा मोठा फायदा असा की जहाजं, शिस्त, ट्रेनिंग सगळं तयार मिळतं, आणि गोव्यातल्या इन्स्टिट्यूटचा कोर्स इतक्या दर्जाचा आहे की परदेशातले ऑफिसर येऊन शिकून जातात. तोटा असा की त्याच बजेटात पाणबुडी असते, लढाऊ जहाज असतं, क्षेपणास्त्र असतं, आणि चार्टवर नवी खोली चढवायला दोन माणसं द्या ही मागणी त्या रांगेत सगळ्यात मागं उभी राहते. यात कुणाचा वाईट हेतू नाही, रांगच तशी आहे.

जहाजांचंही सरळ चालतं असं नाही. किनाऱ्याजवळ सर्व्हे करायला दोन बुडांच्या सहा बोटी, म्हणजे कॅटामरान, २००६ मध्ये सांगितल्या होत्या. त्यातली एकच आली, आयएनएस मकर, २०१२ मध्ये आपल्या शेजारी कारवारलाच ती नौदलात दाखल झाली. बाकीच्या पाचांचा करार जहाज बांधणाऱ्या यार्डाच्या दिरंगाईमुळे रद्द झाला. मोठ्या जहाजांत जुनं संधायक १९८१ चं, ते २०२१ मध्ये निवृत्त झालं आणि त्याच नावाचं नवं फेब्रुवारी २०२४ मध्ये आलं. मधली अडीच-पावणेतीन वर्षं बाकीच्या जहाजांनी ओढली. नव्या चार जहाजांचा करार २०१८ चा, २,४३५ कोटींचा, कोलकात्याच्या गार्डन रीच यार्डाकडे. संधायकनंतर निर्देशक डिसेंबर २०२४ मध्ये आलं, इक्षक नोव्हेंबर २०२५ मध्ये. जहाजं खरोखर उत्तम आहेत, ११० मीटर लांब, पाण्याखाली आपोआप फिरून मोजणारी यंत्रं आहेत त्यांच्यावर. आमच्या वेळेला असं काही स्वप्नातसुद्धा नव्हतं, बघून छाती भरून येते. मी विचारतो ते एवढंच, या नव्या जहाजांनी एका सीझनमध्ये आणलेला डेटा तपासायला किनाऱ्यावर किती माणसं वाढवली?

हा प्रश्न का, ते समजायला डेटाचा हिशोब बघ. शिशाच्या दोराने एका जागी एक आकडा मिळायचा, दिवसभरात काही शे. साध्या इको साउंडरने बोटीखाली एक रेघ मिळायची, दोन रेघांच्या मधे काय आहे ते देवाला ठाऊक. आताचा मल्टीबीम एका वेळी बोटीच्या दोन्ही बाजूंना पंख्यासारखे शेकडो किरण सोडतो, सेकंदाला कितीतरी वेळा, म्हणजे उथळ पाण्यात तासाला कोटीच्या वर ठिपके. फार मोठी गोष्ट आहे ही, बुडालेल्या बोटीची फळीन् फळी दिसते. खरं प्रत्येक ठिपका खरा नसतो. माशांचा थवा असतो, बुडबुडे असतात, बोट हलते. आणि नदीच्या तोंडाशी तर वरचा थर गोड्या पाण्याचा, खालचा खाऱ्याचा, दोन्हीत आवाजाचा वेग वेगळा, किरण वाकतो. मग सपाट तळ स्क्रीनवर कढईसारखा दिसतो, कडा वर आलेल्या. नवखा माणूस ते बघून इथं चर आहे म्हणून लिहून मोकळा होईल. मी स्वतः एका पोराला तसं करताना वेळेवर थांबवलंय. भरतीच्या सुरुवातीला एकदाच पाण्यातल्या आवाजाचा वेग मोजला आणि तोच आकडा चार तास चालवला, मधे भरतीचं खारं पाणी आत शिरलं. ते पोर हुशार होतं, सॉफ्टवेअर माझ्यापेक्षा छान चालवायचं, फक्त नदीच्या तोंडाशी त्याने आधी कधी काम केलं नव्हतं. अशी नजर बसायला दोन-तीन सीझन लागतात, आणि त्याला अकरा महिन्यांनी घरी पाठवलं.

माणसं का टिकत नाहीत याचं अर्धं उत्तर त्यातच आहे. नेव्हीतल्या ऑफिसर-जवानाची ठराविक काळाने बदली होते, ते सैन्यात असायचंच. चार्टच्या टेबलावर जे सिव्हिलियन कार्टोग्राफर असतात ते एका जागी राहून मुरतात, खरं त्यांची भरती सावकाश, बढती त्याहून सावकाश. त्यात बाहेर तेल कंपन्यांचं काम आहे, ड्रेजिंग आहे, समुद्रातल्या केबल आहेत, तिथं हायड्रोग्राफरला सरकारी पगाराच्या काहीपट मिळतं. ज्याच्या घरी बहिणीचं लग्न आहे, गावात घर बांधायचंय, तो जाणारच, त्याला दोष देता येत नाही. त्याच्या जागी घ्यायचा माणूस तयार होईपर्यंत जुना आणि नवा वर्ष-दीड वर्ष एका टेबलावर बसले पाहिजेत, हा खर्च कुठल्याच बजेटमध्ये दाखवता येत नाही. दोन माणसं एका कामाला कशाला म्हणून ऑडिटवाले विचारतात. मला विचारशील तर या सगळ्या धंद्यातला सगळ्यात उपयोगी खर्च तोच आहे.

आणि देखभाल. एका ऑफिसात असताना आमच्या बोटीच्या ट्रान्सड्यूसरची, म्हणजे जो पाण्यात आवाज सोडतो त्याची, केबल घासून तुटली. फार महाग वस्तू नव्हती. पश्चिम किनाऱ्यावर सर्व्हेचा सीझन ऑक्टोबर ते मे, आणि खरेदीची फाईल डिसेंबर ते मार्च फिरत राहिली, तीन कोटेशन, एक शेरा, परत कोटेशन. बोट धक्क्याला बांधून, चार माणसं पगार घेऊन बसलेली. त्याच वर्षी मोठ्या यंत्राला मंजुरी आली, कारण ते खर्चाच्या वेगळ्या हेडमधलं. हाताशी ठेवायचे पैसे, सुटे भाग, बोटीवरच्या माणसाला थोड्या रकमेपर्यंत सही करायचा हक्क, एवढ्याने किती सीझन वाचतात हे ज्याने असा सीझन घालवलाय त्यालाच कळतं.

आता पैसा आणायचा कुठनं. जगात ढोबळ तीन तऱ्हा आहेत. आपली एक, नौदलाच्या बजेटातनं. दुसरी इंग्लंडची, त्यांचं हायड्रोग्राफिक ऑफिस १७९५ चं, आणि १९९६ पासून ते ट्रेडिंग फंड आहे, म्हणजे चार्ट विकून स्वतःचा खर्च स्वतः काढायचा. त्यांचे अॅडमिरल्टी चार्ट जगभर खपतात म्हणून त्यांना ते जमतं, शंभर-दोनशे वर्षांची पुण्याई आहे ती. तिसरी अमेरिकेची, तिथं कोस्ट सर्व्हेची सुरुवात १८०७ ची, आता ते नोआ नावाच्या खात्यात आहे. खर्च सरकारी तिजोरीतनं आणि इलेक्ट्रॉनिक चार्ट सगळ्यांना फुकट डाउनलोड.

आपण इंग्लंडसारखं करावं म्हणणारे पुष्कळ भेटले मला. मला पटत नाही. विक्रीवर जगायचं ठरलं की जिथं मोठी जहाजं जातात तेवढाच भाग ताजा राहणार, आणि मघाची ती खाडी, जिथं फक्त मच्छीमार जातात आणि कुणी चार्ट विकत घेत नाही, ती कायमची मागं पडणार. १९७४ च्या सोलास करारात, जहाजांच्या सुरक्षिततेचा जो आंतरराष्ट्रीय करार आहे त्यात, पाचव्या प्रकरणातला नववा नियम सरळ सांगतो की सर्व्हे करणं, चार्ट काढणं आणि ते ताजे ठेवणं ही सरकारची जबाबदारी. तेव्हा मूळ काम तिजोरीतनंच व्हावं, मोठ्या व्यापारी जहाजांना फी लावायची तर जरूर लावा, आणि छोट्या बोटवाल्याला आपल्या किनाऱ्याचा चार्ट मोबाईलवर फुकट मिळावा. तो तांडेल आम्हाला फुकट वाट दाखवत होता.

यात आपला काय संबंध असं बेळगावात बसून वाटू शकतं, तर लोंढ्याला स्टेशनवर जाऊन उभा रहा. कॅसलरॉकचा घाट चढून कोळशाच्या वाघिणी येतात, मुरगावच्या बंदरात जहाजातनं उतरलेला कोळसा, बळ्ळारीकडच्या पोलादाच्या कारखान्यांना जातो. ते जहाज बंदरात किती भरून येऊ शकतं ते चॅनेलच्या, म्हणजे जहाजाच्या वाटेच्या, खोलीवर ठरतं, आणि खोली म्हणजे कुणीतरी मोजून, तपासून, चार्टवर सही करून दिलेला आकडा. मध्यम मोठ्या मालवाहू जहाजाला एक सेंटिमीटर जास्त बुडायला मिळालं तर साठ-पासष्ट टन माल जास्त बसतो. दहा सेंटिमीटर म्हणजे सहाशे टनांच्या पुढं. सर्व्हे जुना असेल तर कॅप्टन ते दहा सेंटिमीटर भीतीपोटी सोडून देतो, आणि ते बरोबरच करतो. दर फेरीला असं होतं. हा तोटा कुठल्या वहीत लिहिला जात नाही म्हणून सर्व्हेचा खर्च तेवढा डोळ्यावर येतो.

भीती खोटी नसते. १९९२ च्या ऑगस्टमध्ये क्वीन एलिझाबेथ टू हे प्रचंड प्रवासी जहाज अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स किनाऱ्याजवळ खडकाला घासलं. चार्टवर तिथं ३९ फूट पाणी होतं आणि तो सर्व्हे १९३९ चा, शिशाच्या दोराचा. दोन दोरांच्या मधे खडक राहून गेला, त्रेपन्न वर्षं तो तिथंच होता. २००५ मध्ये अमेरिकेची सॅन फ्रान्सिस्को नावाची पाणबुडी पॅसिफिकमध्ये पाण्याखालच्या डोंगरावर आदळली, जो चार्ट ते वापरत होते त्यावर डोंगर नव्हता, एक खलाशी गेला.

आणि नुसतं मोजून उपयोग नाही, मोजलेलं पोचायला पाहिजे. सीएमए सीजीएम लिब्रा नावाचं कंटेनर जहाज २०११ मध्ये चीनच्या शियामेन बंदरातनं निघताना रुतलं. चॅनेलच्या बाहेर चार्टवर दाखवलंय त्यापेक्षा पाणी कमी आहे अशी नोटीस आधीच निघाली होती. जहाजावरच्यांनी ती चार्टवर आणि पॅसेज प्लॅनमध्ये, म्हणजे प्रवासाच्या आखणीत, चढवली नव्हती. ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये सांगितलं की सदोष पॅसेज प्लॅन म्हणजे जहाज प्रवासाला योग्यच नव्हतं. अशा नोटिसा डेहराडूनहून दर पंधरा दिवसांनी निघतात, नोटीस टू मरिनर्स म्हणतात, आणि हिंदी महासागराच्या मोठ्या पट्ट्यासाठी रेडिओवरच्या धोक्याच्या सूचनाही भारतच सांभाळतो, नॅव्हएरिया आठ. सण असो, निवडणूक असो, ते काम थांबत नाही. तिथल्या टेबलावरच्या माणसाची रजा मंजूर करताना त्याच्या जागी बसायला दुसरा आहे का हा प्रश्न कुणाच्या तरी जिवाशी जोडलेला असतो.

आता मॉडर्न होणं म्हणजे काय. तुला वाटत असेल कागद गेला, कॉम्प्युटर आला. तसं नाही गा. २०१२ ते २०१८ मध्ये टप्प्याटप्प्याने मोठ्या जहाजांना इलेक्ट्रॉनिक चार्टची यंत्रणा सक्तीची झाली. अमेरिकेने २०१९ मध्ये कागदी चार्ट बंद करायला घेतले आणि जानेवारी २०२५ पर्यंत संपवले. इंग्लंडने २०२२ मध्ये सांगितलं की २०२६ अखेर कागद बंद, मग लोकांनी अडचणी सांगितल्या तेव्हा निदान २०३० पर्यंत पुढं ढकललं. म्हणजे इतकी वर्षं कागद आणि डिजिटल दोन्ही चालवायचे, माणसं तीच. त्यावर आता एस-१०० नावाचा नवा साचा आलाय. जुन्या एस-५७ मध्ये एकच चार्ट असायचा, नव्यात चार्ट वेगळा, तळाचा बारीक उठाव वेगळा, भरती-ओहोटी वेगळी, प्रवाह वेगळा, असे थर एकमेकांवर बसतात, आणि कॅप्टनला या क्षणी बुडाखाली किती पाणी आहे ते दिसतं. वर सांगितलेले दहा सेंटिमीटर इथं मिळतात. १ जानेवारी २०२६ पासून अशी यंत्रं जहाजावर बसवायला परवानगी आहे, १ जानेवारी २०२९ पासून नवी बसवायची तर तशीच बसवावी लागणार. तोपर्यंत जुनी यंत्रं चालूच राहणार, म्हणून प्रत्येक दुरुस्ती दोन्ही साच्यांत करायची. मॉडर्न होण्याच्या काळात काम वाढतं, ते कमी होईल असं धरून जागा कापल्या की गाडी तिथंच अडते.

आणखी एक न दिसणारं काम म्हणजे जुन्या चार्टचा मेळ. कित्येक जुने चार्ट फॅदममध्ये, पृथ्वीच्या आकाराच्या एव्हरेस्ट नावाच्या जुन्या मापावर बसवलेले, आणि जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ या नव्या मापावर. दोन्हीत शेकडो फुटांचा फरक येतो. म्हणजे जीपीएस अगदी अचूक, चार्टवरचा खडकही जुन्या मापाने अचूक, आणि तरी जहाज खडकावर. प्रत्येक जुना सर्व्हे उघडून, कशावर मोजला होता ते शोधून, मग सरकवायचा. कुठल्याही कारणाने चार्टवर जागा चुकली तर काय होतं ते २०१३ मध्ये फिलिपिन्सजवळ दिसलं, अमेरिकन नेव्हीचं गार्डियन हे जहाज तुब्बाताहाच्या प्रवाळावर चढलं. जहाजावरच्यांच्याही चुका निघाल्या, खरं त्यांच्या डिजिटल चार्टवर ते प्रवाळ सुमारे आठ सागरी मैल भलत्याच जागी दाखवलं होतं, आणि त्याच भागाच्या दुसऱ्या चार्टवर जागा बरोबर होती. जहाज शेवटी तुकडे करून काढावं लागलं.

उलट बारीक मोजणी नीट केली की काय मिळतं तेही सांगतो. शाळेत आपण भारताचा किनारा ७,५१६ किलोमीटर म्हणून पाठ केला. हायड्रोग्राफिक ऑफिसच्या बारीक डेटावरून परत मोजला तो ११,०९८ किलोमीटर निघाला. जमीन वाढली नाही, खाड्या आणि वळणं नीट मोजली गेली. गोव्याचा १०१ चा १९३ झाला.

प्रायव्हेटचं. मित्र अर्धा बरोबर आहे. अमेरिकेतसुद्धा सर्व्हेचं बरंच काम कंपन्या करतात आणि चांगलं करतात, आपल्याकडेही बंदरं बाहेरच्यांकडून सर्व्हे करून घेतात. मोजणं बाहेर देता येतं. मोजलेलं बरोबर आहे का हे बघणं आणि चार्टवर सही करणं बाहेर देता येत नाही, कारण जहाज रुतल्यावर कोर्टात उभं कोण राहणार? आणि बाहेरच्याचं काम तपासायला आपल्याकडे त्याच्याइतका तयार माणूस लागतो. तो नसला की समोरून आलेली हार्ड डिस्क कपाटात जाते आणि बिल पास होतं. हे मी बघितलंय, कुठं ते सांगत नाही.

हाताशी जादा माणसं आणि जहाजं का हवीत याचं उत्तर २००४ च्या डिसेंबरात मिळालं. त्सुनामीनंतर निकोबारचं इंदिरा पॉइंट चार मीटरहून जास्त खचलं, दीपगृहाच्या पायाशी समुद्र आला. अंदमान-निकोबारच्या कितीतरी ठिकाणी कालपर्यंतचा चार्ट आज खोटा, आणि मदत घेऊन जहाजं तर त्याच धक्क्यांना न्यायची. त्याच वेळी निरुपक हे सर्व्हे जहाज हॉस्पिटल करून इंडोनेशियाला पाठवलेलं, जमुना श्रीलंकेला. सर्व्हेवाले एका हाताने रुग्ण उतरवत होते आणि दुसऱ्या हाताने पाणी मोजत होते. माझे बरोबरीचे त्यात होते. नेहमीच्या दिवसांत सगळी माणसं कामाला जुंपलेलीच असतील तर अशा वेळी आणणार कुठनं?

आता तुझं. जा. नेव्हीत हायड्रो केडरची शॉर्ट सर्व्हिस एंट्री निघते, तुझी इंजिनिअरिंगची डिग्री त्याला चालते, वय बघ आणि तेही भर. बंदरांत जागा निघतात, अंतर्देशीय जलमार्ग प्राधिकरणात निघतात, २०१६ च्या कायद्यात आपली घटप्रभा आणि मलप्रभासुद्धा जलमार्ग म्हणून घातल्यात. धरणांतला गाळ मोजायलाही हेच यंत्र आणि हेच डोकं लागतं, म्हणजे हिडकल आहे, नविलुतीर्थ आहे, घरच्या जवळ काम करायचं म्हटलं तरी वाट आहे. क्यूजीआयएस हे नकाशाचं सॉफ्टवेअर येतंय ते बरं आहे, त्याच्या जोडीला पायथॉन शीक, लीस्ट स्क्वेअर्स परत उघड, आणि भरती-ओहोटीचं गणित हाताने सोडव. मुंबईचं किंवा मुरगावचं भरतीचं टेबल घेऊन एक महिना रोज ग्राफ काढ, पौर्णिमा-अमावस्येला काय होतं ते डोळ्यांनी बघ. समुद्र बघितला नाहीस तरी चालेल, डेहराडूनलाही समुद्र नाही.

अकरा महिन्यांचा कॉन्ट्रॅक्ट आहे म्हणून नाराज होऊ नकोस, फक्त पहिल्याच आठवड्यात तिथल्या सीनियरला दोन गोष्टी विचार. मी केलेलं काम तपासणार कोण, आणि बोटीवरनं आलेला मूळ डेटा, साफ न केलेला, कुठं ठेवता. पहिल्याचं उत्तर एखाद्या माणसाच्या नावाने आलं आणि दुसऱ्याचं त्याने तुला उठून नेऊन दाखवलं, तर त्या माणसाच्या शेजारची खुर्ची धर आणि अकरा महिने हलू नकोस. उत्तर नाही आलं तरी थांब, खरं स्वतःची वही ठेव, रोजचा आवाजाचा वेग, भरतीची वेळ, वारा, बोटीवर कोण होतं, सगळं तारखेने लिही. वही भरली की खानापूरला ये, मी माझ्या काढून ठेवतो, शेजारी ठेवून बघूया.